पाखरांचे चिटणीस

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. मंडळाच्या पन्नास वर्षांचा वृत्तान्त आमच्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या नोकरीतले बदलीचे धनी; या शहरात आलो तेही बदलीच्या हुकुमानेच. छंद म्हणावा असा आमच्या पदरी एकच आहे. रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवायचा, रवींद्र सरोवराचा काठ किंवा नरेंद्रपूरचे चिंतामणी कर अभयारण्य गाठायचे, दिसेल त्या पाखराचे छायाचित्र घ्यायचे आणि घरी परतल्यावर ते पाखरू कोणते याचा पुस्तकातून शोध करीत बसायचे. या शोधात कुटुंबीयांची थोडी करमणूक होते. आम्ही ज्याला खंड्या म्हणतो त्याला आमची येथे वाढलेली कन्या माछरांगा म्हणते, आमचा दयाळ तिचा दोयेल असतो, आणि इंग्रजी पुस्तक या दोघांनाही तिसरेच नाव देते. मग नावांवरून वाद होतो आणि चहा थंड होतो.

या छंदाच्या नादात एका गृहस्थांचा परिचय झाला. तेही सरकारी नोकर होते, अर्थात आमच्यापेक्षा पुष्कळ वरच्या हुद्द्याचे. त्यांची हिवाळी कचेरी याच कलकत्त्यात होती. आणि त्यांचे नाव आपण सर्वांनी शाळेत असताना पाठ केलेले आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. मुंबईची गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, डिसेंबर १८८५, बहात्तर प्रतिनिधी, राष्ट्रीय सभेची स्थापना : इतके लिहिले की पुरते गुण मिळत. तथापि पन्नाशी उलटेपर्यंत या गृहस्थांची ख्याती होती ती पाखरांसाठी, हे त्या क्रमिक पुस्तकात नव्हते. आम्हांला ते कळले तेही पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांपुढे वारंवार येणाऱ्या त्यांच्या आडनावावरून. हे ह्यूम तेच का, अशी शंका येऊन आम्ही वाचू लागलो, आणि ते तेच निघाले.

ह्यूम यांचा जन्म १८२९ सालचा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातील जहाल विचारांचे व सरकारी खर्चाची काटेकोर छाननी करणारे सभासद म्हणून गाजलेले. आपणा मराठी माणसांशी या घराण्याची पहिली गाठ मात्र रणांगणावर पडली होती. तरुणपणी जोसेफ ह्यूम कंपनी सरकारचे लष्करी डॉक्टर होते आणि १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धाच्या वेळी बुंदेलखंडातील फौजेबरोबर होते. कंपनीची दमट झालेली दारू कोरडी करून देण्याची युक्ती त्यांना साधली आणि त्यांचा भाव वधारला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या दारूने पुढे काय केले ते आपणांस ठाऊकच आहे.

मुलगा हेलीबरीच्या कंपनी कॉलेजात शिकला, लंडनला थोडे वैद्यक व शस्त्रक्रियाही शिकला आणि १८४९ साली हिंदुस्थानात आला. १८५६ मध्ये त्यांच्याकडे आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्हा आला. तेथे त्यांनी लोकांच्या सहकार्याने मोफत प्राथमिक शाळा काढण्याचा सपाटा लावला. १८५७ च्या आरंभापर्यंत १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी झाले होते. त्यांत मुली दोन. दोनच का असेना, त्यांची गणती वेगळी केलेली आहे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. मोजण्याची ही सवय पुढे पाखरांच्या कामी आली. सत्तावनच्या उठावात त्यांना इटावा सोडून आग्र्याला आश्रय घ्यावा लागला. परतल्यावर त्यांनी सूडबुद्धीला आवर घातला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. दारूच्या परवान्यांवर सरकारने पैसा मिळवावा हे त्यांना पसंत नव्हते आणि ते त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवले. वरिष्ठांना लिहून कळवण्याची ही खोड त्यांना जन्मभर जडली होती, व तिची किंमतही त्यांनी मोजली.

पाखरे जमवण्याचा छंद इटाव्यातच सुरू झाला होता. तो पहिला संग्रह उठावाच्या धामधुमीत नाश पावला. ह्यूम यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या काळी पाखरू ओळखणे याचा अर्थ ते बंदुकीने पाडणे असा होता. दुर्बिणी कमजोर, कॅमेऱ्याने उडते पाखरू टिपण्याची सोय नाही, हाताशी चित्रांचे सुटसुटीत पुस्तक नाही. पाखरू पाडायचे, मोजायचे, कातडे अलगद सोडवून त्याला औषध लावायचे, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. हे वाचताना आमच्यासारख्या भित्र्या माणसाच्या पोटात कालवते. परंतु आज ज्या पुस्तकावरून आम्ही आमचे छायाचित्र ताडून पाहतो, त्या पुस्तकाचा पाया या मेलेल्या पाखरांच्या राशीवर उभा आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

१८६७ मध्ये ह्यूम अंतर्गत जकातीचे आयुक्त झाले. मिठावरचा कर बुडू नये म्हणून सरकारने वायव्येकडून ओरिसापर्यंत सुमारे अडीच हजार मैलांची जकात रेषा आखली होती, आणि तिच्या पुष्कळ भागावर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवले होते. हे कुंपण आपल्या खानदेशाच्या वेशीवरच्या बऱ्हाणपुरापर्यंत येत असे. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ अडवणारी ही वई वाढवण्याचे काम, पुढे राष्ट्रीय सभा स्थापन करणाऱ्या माणसाकडे असावे, हा दैवाचा खेळ म्हणायचा. नोकरीच्या निमित्ताने मात्र त्यांना उत्तर हिंदुस्थान पायाखाली घालता आला आणि जेथे तंबू पडे तेथे पाखरांचा शोध चाले. याच काळात, १३ नोव्हेंबर १८६७ रोजी, सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ त्यांनी एक मातकट तपकिरी रंगाचे लहानसे पाखरू मिळवले. बोरूच्या रानात राहणाऱ्या वटवट्यांसारखे ते दिसत होते, पण चोच जरा मोठी होती. तसे दुसरे त्यांना मिळाले नाही. त्यांनी चिठ्ठी लिहिली, पायाला बांधली आणि नमुना ठेवून दिला. या पाखराकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

१८७१ मध्ये लॉर्ड मेयो यांनी महसूल, शेती व व्यापार असे नवे खाते निर्माण केले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. येथून त्यांची कलकत्त्याची वर्षे सुरू होतात. सरकार हिवाळ्यात कलकत्त्यास व उन्हाळ्यात सिमल्यास असे. दर वर्षी दप्तरे डोंगर चढत आणि उतरत, व दप्तरांबरोबर साहेबांच्या नोंदवह्याही. हिंदुस्थानातील शेती सुधारल्यावाचून हा देश सुधारणार नाही, ही ह्यूम यांची धारणा होती आणि खात्याकडून तसे काम व्हावे अशी त्यांची तळमळ होती. प्रत्यक्षात खात्याच्या वाट्याला महसुलाची कागदपत्रेच अधिक आली. त्यांच्या मनातील खाते त्यांना मिळाले नाही. दुसरे एक खाते मात्र त्यांनी स्वतःच काढले आणि त्याचा खर्चही स्वतःच सोसला.

ते खाते म्हणजे 'स्ट्रे फेदर्स', इतस्ततः पडलेली पिसे. या नावाचे पक्षिविषयक नियतकालिक १८७२-७३ पासून कलकत्त्यात छापले जाऊ लागले. संपादक, प्रमुख लेखक, टीकाकार आणि मालक असे सबकुछ ह्यूम. याआधी १८६९ मध्ये त्यांचे पक्षिविषयक टिपणांचे पहिले पुस्तक निघाले होते. १८७३ ते १८७५ या काळात पाखरांची घरटी व अंडी यांवरचा ग्रंथ निघाला. पुढे मार्शल यांच्या सहकार्याने शिकारीच्या पक्ष्यांवरचे तीन खंड निघाले. त्यांतील चित्रे मनासारखी उतरली नाहीत म्हणून ते नाराज होते, व ती नाराजी त्यांनी लपवलीही नाही. हे सारे कलकत्त्यातच प्रसिद्ध झाले. आज या शहरात जुन्या पुस्तकांच्या दुकानांवरून जाताना आम्ही उगाच आत डोकावतो. अद्याप काही हाती लागलेले नाही.

'स्ट्रे फेदर्स'चे खरे महत्त्व त्यात कोण लिहीत होते यात आहे. रेल्वेचे लोक, पलटणीतील कप्तान, जंगल खात्याचे अधिकारी, कलेक्टर, मिशनरी अशी दूरदूरच्या ठाण्यांवर एकटी पडलेली माणसे ह्यूम यांना पत्रे लिहीत, नमुने पाठवीत. अशा पत्रलेखकांची संख्या शेकड्यांत होती. पाखरांचे वेड लागलेल्या माणसाला आपल्यासारखा दुसरा भेटणे किती कठीण असते हे आम्ही अनुभवाने जाणतो. त्या माणसांना ह्यूम भेटले. आपल्या महाराष्ट्रापुरते पाहिले तर अहमदनगर भागात काम करणारे अमेरिकन मिशनरी फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर ते बेळगाव या सह्याद्रीच्या पट्ट्यातील पक्ष्यांची यादी १८७६ मध्ये यात प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि त्यांचे सहकारी वेंडन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिले. आपल्या घाटमाथ्यावरील पाखरांची पद्धतशीर मोजदाद पाहायची तर कलकत्त्यात छापलेले हे अंक उघडावे लागतात.

हौशी मंडळींना शिस्त लागावी म्हणून ह्यूम यांनी १८७४ मध्ये एक लहानसे मार्गदर्शक पुस्तक काढले. नमुना कसा घ्यावा, कसा टिकवावा, कसा बांधून पाठवावा हे त्यात आहे. त्यांचा स्वतःचा रिवाज असा की पाखरू ताजे असतानाच त्याची लांबी, पंख, शेपूट, वजन घ्यायचे. डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग टिपायचा. कारण मेल्यावर हे रंग काही तासांतच उडतात आणि सुकलेल्या कातड्यावरून ते परत कळत नाहीत. आणि स्थळ व तारीख न चुकता लिहायची. एका जातीची एक जोडी जमवून थांबावे हे त्यांना मान्य नव्हते. एकाच जातीचे पाखरू ऋतूनुसार, वयानुसार, प्रदेशानुसार किती बदलते हे कळायचे तर ओळीने पंचवीस-पन्नास नमुने शेजारी मांडले पाहिजेत, असे त्यांचे धोरण होते. आम्हां छायाचित्रकारांचीही अडचण तीच असते. एका छायाचित्रावरून पाखरू ओळखू गेले की उन्हाने रंग फसवतो, अंतराने आकार फसवतो, आणि आवाज तर छायाचित्रात उतरतच नाही.

ह्यूम स्वतः कचेरीत बसून राहिले नाहीत. मार्च १८७३ मध्ये ते अंदमान-निकोबारच्या सफरीवर निघाले. बरोबर भूगर्भ खात्याचे स्टोलिझ्का आणि येथील जादूघराचे वुड-मेसन होते. या सफरीचे सर्वांत विलक्षण फळ म्हणजे नारकोंडमचा धनेश. नारकोंडम हे अंदमानच्या पूर्वेस समुद्रातून वर आलेले ज्वालामुखीचे एकाकी बेट, क्षेत्रफळ जेमतेम सात चौरस किलोमीटर. त्या बेटावाचून हा धनेश जगात कोठेही आढळत नाही. ह्यूम यांनी त्याच साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८७५ मध्ये ते पश्चिम किनारा व लक्षद्वीपच्या सफरीवर गेले, तेव्हा वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकांवरही उतरले होते. तेथील सुरय पक्षी आणि गुहांतून घरटी करणाऱ्या पाकोळ्या यांविषयी त्यांनी लिहिले आहे. आमचे आजोळ त्याच बाजूचे. लहानपणी बंदरावर उभे राहून ते खडक आम्ही कितीदा पाहिले, पण तेथे पाहण्यासारखे काही असेल असे मनातही आले नव्हते.

सिमल्यास जाखू टेकडीवरच्या रॉथनी कॅसल या आपल्या बंगल्यात त्यांनी संग्रहालय उभारले. त्याची देखभाल करण्यास आणि दूरदूर फिरून नमुने आणण्यास डेव्हिसन नावाचे पगारी मदतनीस ठेवले. समकालीन पक्षिप्रेमी त्यांना हिंदी पक्षिशास्त्राचे पोप म्हणत. त्यात आदर होता तशी थोडी चेष्टाही असावी, कारण त्यांची लेखणी तिखट होती. आणि ती पाखरांपुरतीच तिखट नव्हती. सरकारच्या धोरणांवरही ते तितक्याच मोकळेपणाने बोलत. १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत त्यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादच्या महसूल मंडळावर पाठवण्यात आले. वर काटकसरीचे कारण होते. वर्तमानपत्रांनी मात्र स्पष्टवक्तेपणाची शिक्षा असाच त्याचा अर्थ केला. सरकारी नोकरीत तीन दशके काढलेल्या मनुष्याने यावर अधिक भाष्य करू नये.

पदावनतीनंतरही पाखरे सुटली नाहीत. १८८१ मध्ये त्यांनी मणिपूरची मोहीम काढली. तेथल्या उंच गवतातून त्यांनी एक नव्या जातीचा छोटा लावा मिळवला. तो त्यानंतर इतका दुर्मीळ झाला की अनेक दशके कोणाच्या दृष्टीस पडला नाही. आसामात तो २००६ मध्ये दिसल्याची नोंद आहे. त्याच मोहिमेतून एका देखण्या रानकोंबड्याच्या कुळातील पक्ष्याचे वर्णन जगापुढे आले. त्याला ह्यूम यांनी आपल्या पत्नीचे, मेरी यांचे, नाव दिले. आज तो मणिपूरचा राज्यपक्षी आहे. नवऱ्याचे सर्व आयुष्य पिसे आणि चिठ्ठ्या यांत गेलेले पाहणाऱ्या त्या बाईंना एवढे मिळणे न्याय्यच होते.

१८८२ मध्ये ह्यूम निवृत्त झाले. आता आयुष्यभराच्या नोंदी एकत्र करून हिंदुस्थानातील समग्र पक्ष्यांचा मोठा ग्रंथ लिहावयाचा, हा संकल्प होता. सुमारे सातशे जातींची चरित्रे बव्हंशी लिहून तयार होती. पंचवीस वर्षांचे काम. निवृत्तीनंतरच्या एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना घरातील एका नोकराने हे हस्तलिखित, कित्येक मण कागद, चोरून बाजारात रद्दीच्या भावाने विकले. ज्या कागदांवर डोळ्यांचे आणि पायांचे रंग ताजेपणी टिपलेले होते, त्यांत सिमल्याच्या वाण्याने साखर आणि मिरच्या बांधून दिल्या असतील. त्यातच मुसळधार पावसाने डोंगर खचून संग्रहालयाच्या इमारतीला धक्का पोचला आणि नमुने खराब होऊ लागले.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. प्रस्तुत लेखकाची योग्यता ती काय; पण एका बदलीच्या वेळी आमची एक पेटी भिजून तीत दोनशे-अडीचशे छायाचित्रांचा लगदा झाला होता, आणि पुढे वर्षभर कॅमेऱ्याला हात लावावासा वाटला नव्हता.

ह्यूम यांनी मात्र जे सोडले ते कायमचे. याला आणखी एक कारण होते. या सुमारास ते थिऑसॉफीकडे वळले होते, शाकाहारी झाले होते आणि पाखरे मारणे त्यांनी थांबवले होते. सहस्रावधी पाखरे ज्या हातांनी पाडली, ती पाडणे गैर आहे असे वाटू लागल्यावर त्यांनी हात आवरला. अलीकडचा माणूस म्हणेल, मग बंदूक टाकून नुसती निरीक्षणे का केली नाहीत? परंतु त्यांच्या काळी बंदुकीवाचून पक्षिशास्त्र संभवतच नव्हते, निदान त्यांना ते संभवनीय वाटले नाही. बंदूक गेली तेव्हा पाखरेही गेली. आम्हांला हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद भाग वाटतो, चोरीहूनही.

आपला संपूर्ण संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊ केला; मोबदला नको, मात्र काही अटी होत्या. संग्रहाची पाहणी व बांधाबांध म्युझियमच्या बाउडलर शार्प यांनी स्वतः करावी ही एक अट. या वाढीव कामाबद्दल शार्प यांचा हुद्दा व पगार वाढवावा ही दुसरी. परक्या खात्यातील कारकुनाच्या पगारवाढीची अट घालून देणगी देणारा अधिकारी आमच्या तरी पाहण्यात नाही! म्युझियमला अटी जड वाटल्या, पत्रव्यवहार रेंगाळला, आणि तेवढ्या अवधीत वीसेक हजार नमुने किडीने खाल्ले. अखेर १८८५ मध्ये शार्प सिमल्यास आले. नमुन्यांना इजा होऊ नये म्हणून खिळे न वापरता देवदाराच्या सत्तेचाळीस पेट्या तेथेच बनवण्यात आल्या. प्रत्येक पेटीचे वजन सुमारे अर्धा टन. त्या डोंगरावरून उतरवून बैलगाड्यांनी खाली नेण्यात आल्या आणि मुंबई बंदरातून विलायतेस रवाना झाल्या. एकंदर सुमारे ८२,००० वस्तू : ६३,००० च्या आसपास पाखरे, साडेअठरा हजार अंडी, पाचशे घरटी. उरलेली टिपणे त्यांनी ओट्स यांच्या स्वाधीन केली. घरटी व अंडी यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांवरून निघाली.

ज्या वर्षी त्या पेट्या मुंबईहून गेल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस ह्यूम मुंबईत उभे होते. १ मार्च १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना अनावृत पत्र लिहून देशकार्यासाठी पन्नास निःस्वार्थी माणसे मागितली होती. त्यानंतर गावोगावच्या पुढाऱ्यांशी पत्रव्यवहार करून त्यांनी अधिवेशन ठरवले ते पुण्यास. पुण्यात पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईस हलवावे लागले. अध्यक्षपद आपल्या कलकत्त्याच्या व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे होते आणि पुढले अधिवेशन १८८६ मध्ये कलकत्त्यासच भरले. तो इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. आमच्या मनात येते ते इतकेच की, दूरच्या ठाण्यांवरच्या शेकडो अनोळखी माणसांना पत्रांनी एकत्र गुंफण्याची कला ह्यूम पाखरांपायी शिकले होते. राष्ट्रीय सभेला पहिला सरचिटणीस मिळाला तो असा तयार होऊन.

१८९० मध्ये पत्नी गेली. १८९४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. इंग्लंडात त्यांनी वनस्पती गोळा करण्याचा नवा छंद धरला. पाने-फुले दाबून ठेवायची, शेजारी स्थळ आणि तारीख. १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये स्वखर्चाने वनस्पतीशास्त्राची संस्था काढली, ती आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी ते वारले.

आता सतलजच्या त्या पाखराकडे येऊ. म्युझियमच्या खणात ते एकटेच पडून होते. ही वेगळी जात खरी, की नेहमीच्याच वटवट्याचा एखादा विचित्र नमुना, याविषयी तज्ज्ञांना शंभर वर्षे शंका होती. २००२ मध्ये त्या वाळलेल्या कातड्यातून काढलेल्या आनुवंशिक द्रव्यावरून ती जात निराळी असल्याचे सिद्ध झाले. मार्च २००६ मध्ये थायलंडात पायात कडी अडकवण्यासाठी जाळ्यात धरलेले एक पाखरू मोठ्या चोचीचे निघाले. त्याच्या पिसावरून ओळख पटवली आणि त्याला सोडून दिले. पुढे अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला वाखानच्या खोऱ्यात त्याची वीण होत असल्याचे आढळले. १८६७ साली बांधलेली चिठ्ठी एकशे एकोणचाळीस वर्षांनी कामी आली.

दुसरी हकीकत आपल्या सातपुड्याची आहे. ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडातून मिळवलेल्या एका पिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले आणि त्यास ब्लुइट यांचेच नाव दिले. हाच आपला रानपिंगळा. 'स्ट्रे फेदर्स'मध्ये लिहिणाऱ्या डेव्हिडसन यांना तो पुढे खानदेशात मिळाला. १८८४ पर्यंत सारे मिळून सात नमुने जमले, आणि त्यानंतर हे पाखरू दिसेनासे झाले. मेनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये आपणांस गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाला असे सांगून आठवा नमुना पुढे केला होता. त्या भरवशावर शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले. अखेर पामेला रासमुसेन यांनी छडा लावला की, तो नमुना म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसन यांचाच असून कातड्याला नवे रूप देऊन पायाला खोटी चिठ्ठी बांधलेली आहे. ती चिठ्ठी बाद करून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची स्थळे प्रमाण मानून त्या व त्यांचे दोघे सहकारी निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ उघड्या फांदीवर, दिवसाउजेडी, रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. त्यानंतर मेळघाटातही तो आढळला.

हे आम्ही वाचले ते कोलकात्यास आल्यावर. वाचून आम्ही कपाटातून एक जुने पाकीट काढले. पुष्कळ वर्षांपूर्वी आमची नेमणूक नागपूरला असताना एकाच हिवाळ्यात आम्ही पेंचला आणि मेळघाटला गेलो होतो. कॅमेरा फिल्मचा होता. दोन्ही सहलींचे रोळ एकदमच धुवायला दिले आणि छायाचित्रे एकाच पाकिटात आली. त्यांत एक पिंगळा आहे. सागाच्या फांदीवर बसलेला, पंखांवर पांढरे पट्टे ठळक, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. पण छायाचित्र किंचित हललेले असल्याने खात्री देता येत नाही. येथील एका जाणत्या पक्षिमित्रांस ते दाखवले. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि मग छायाचित्र उलटे केले. मेळघाटचे असेल तर विचार करता येईल, पेंचचे असेल तर नेहमीचाच पिंगळा समजावा, असा त्यांचा अभिप्राय पडला. पत्नीच्या मते ती फांदी सेमाडोहच्या विश्रामगृहामागची. कन्या त्या वेळी कडेवर होती. छायाचित्राच्या पाठीवर दुकानाच्या शिक्क्याशिवाय काही नाही.